नमुना न देता हस्तकाम: बालवर्गात माती, रंग आणि कागद मुलांच्या हाती देताना

बालवाडीत किंवा पहिली-दुसरीच्या वर्गात हस्तकामाची तासिका आली की आपल्यापैकी बहुतेक जणी आदल्या रात्री घरी बसून नमुना तयार करतात. सकाळी फळ्याशेजारी कागदाचा एक मोर टांगला जातो, त्याचे कापून ठेवलेले तुकडे मुलांना वाटले जातात आणि तासाच्या शेवटी वर्गात तीस एकसारखे मोर तयार होतात. पालकांना ते आवडतात, भिंतही सजते. परंतु बाईंनी कापलेला तुकडा बाईंनी दाखवलेल्या जागी चिकटवणे एवढेच काम मुलाच्या वाट्याला आलेले असते. मीही कित्येक वर्षे असेच मोर करवून घेतले. पुढे नमुना देणे बंद केल्यावर वर्गात काय बदल करावे लागतात, साहित्य कसे तयार करावे लागते आणि शिक्षिकेने हात कुठे आवरावा लागतो हे हळूहळू उमगत गेले. तेच येथे सविस्तर लिहीत आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे, आणि हे लेखन त्याच वयाच्या मुलांच्या वर्गासाठी आहे.

साहित्य महाग असावे लागते हा समज प्रथम दूर करावा. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी ते काम 1957 पासून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यावरच्या बालवाडीला परवडणारी नव्हती, म्हणून माती, बिया, पाने, शंख-शिंपले अशा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधून त्यांनी शिक्षणाची साधने उभी केली. आज शहरातल्या शाळांकडे रंगांच्या पेट्या असतात, पण मुलाच्या हाताला माती किंवा साल लागत नाही. तेथेही ही दृष्टी तितकीच उपयोगी आहे.

वर्गाची मांडणी

तीस मुलांना एकाच वेळी ओले रंग दिले तर शिक्षिकेचा सगळा वेळ सांडलेले पाणी पुसण्यात जातो आणि कोणाच्याच कामाकडे लक्ष राहत नाही. त्याऐवजी ओले काम एका वेळी पाच-सहा मुलांनाच द्यावे. बाकीच्यांसाठी कागद फाडणे, मेणखडूने रेखाटन किंवा जमिनीलगतच्या काळ्या पट्ट्यावर खडूने चित्रे काढणे असे कोरडे काम मांडून ठेवावे. आठवडाभरात प्रत्येक गटाची पाळी ओल्या कामावर येईल अशी योजना करावी आणि ती मुलांना आधी सांगावी, कारण आपली पाळी उद्या नक्की येणार आहे हे कळलेले मूल आज शांतपणे दुसरे काम करते.

शक्यतो मुलांना जमिनीवर बसवूनच काम करू द्यावे. खाली गोणपाट किंवा जुनी चादर अंथरावी, रंग झाकणांत किंवा नारळाच्या करवंट्यांत थोडाथोडाच ओतावा आणि करवंटी कलंडू नये म्हणून तिच्याखाली कापडाची चुंबळ ठेवावी. वडिलांचा जुना सदरा मागून बटणे लावून घातला की गणवेश वाचतो. वर्षाच्या आरंभी पालकांकडे हा एक सदरा मागून घ्यावा. हात धुण्यासाठी नळापर्यंत रांग लावण्यापेक्षा दोन घमेल्यांत पाणी आणि शेजारी पंचा ठेवावा.

वेळेबाबत एक सांगावेसे वाटते. चाळीस मिनिटांच्या तासिकेतली पहिली दहा मिनिटे वाटपात आणि शेवटची दहा आवरण्यात जातात, म्हणजे मूल रमू लागते तेव्हाच घंटा होते. मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातून एक दिवस दोन तासिका जोडून घेता आल्या तर कामाचा दर्जा लगेच बदलतो, असा माझा अनुभव आहे.

मातीकाम

सर्व हस्तकामांत मी मातीला पहिले स्थान देते. कागदावर चुकीची रेघ उठली की ती तशीच राहते. माती मात्र मोडता येते आणि मोडल्याने काहीच बिघडत नाही, म्हणून जे मूल चूक होईल या भीतीने खडूलाही हात लावत नाही तेच मूल मातीजवळ येऊन बसते.

काळी माती वाळताना फार आकसते आणि तडकते, त्यामुळे नुसती काळी माती घेऊ नये. गावात कुंभार असेल तर त्याच्याकडून तयार माती आणावी. नसल्यास नदी-ओढ्याकाठची गाळाची माती चालते. ती वाळवून, फोडून, खडे आणि काचा वेचून दोन दिवस पाण्यात भिजत घालावी, मग जाड चाळणीतून गाळून घ्यावी. माती तळाशी बसली की वरचे पाणी ओतून द्यावे आणि राहिलेला गारा गोणपाटावर पसरून हाताला चिकटेनासा होईपर्यंत सुकू द्यावा. नंतर ती कणकेसारखी भरपूर मळावी. पेन्सिलीएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहावी. वळी तुटली नाही तर माती तयार झाली असे समजावे. तीस मुलांना प्रत्येकी मोसंबीएवढा गोळा द्यायचा तर सहा-सात किलो माती लागते. ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवली की ती महिनोन्‌महिने टिकते.

पहिल्या दोन-तीन वेळा मुलांना काहीही बनवायला सांगू नये. ती गोळा थापटतील, त्यात बोटे खुपसतील, त्याचे तुकडे करून पुन्हा जोडतील. ही तयारीच असते आणि तिला पुरेसा वेळ द्यावा लागतो. त्यानंतर मुले आपोआप वळ्या करू लागतात, वळीचा साप होतो, सापाची जिलबी होते, चपटा गोळा भाकरी होतो. या टप्प्यावर तंत्राच्या दोन गोष्टी दाखवाव्यात. पहिली म्हणजे गोळ्यात अंगठा रोवून आणि गोळा फिरवत कडा चिमटीने दाबत वाटी कशी करायची. दुसरी म्हणजे दोन भाग जोडताना दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून, पातळ कालवलेली माती लावून मग दाबायचे. एरवी बैलाचे पाय वाळताच गळून पडतात आणि मूल हिरमुसते. तंत्र दाखवताना आपण केलेली वस्तू लगेच मोडून गोळा करावा, म्हणजे ती नमुना होऊन बसत नाही.

श्रावणात मातीला आपसूकच निमित्त मिळते. नागपंचमीला कित्येक घरांत मातीचा नाग येतो, पोळ्याला मातीचे बैल पुजले जातात आणि दक्षिण महाराष्ट्रात बेंदूर त्याआधीच झालेला असतो. बैल करण्यापूर्वी शक्य असल्यास मुलांना एखाद्या गोठ्यात न्यावे किंवा ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांना वर्गात बोलते करावे. शिंगे कोणत्या बाजूला वळतात, वशिंड मानेच्या जवळ असते की पाठीच्या मध्यावर, बैल बसतो तेव्हा पाय कुठे जातात, असे प्रश्न विचारावेत आणि साचा मुळीच आणू नये. ज्या मुलाने बैल जवळून पाहिलेला असतो त्याच्या बैलाला इतर काही असो वा नसो, वशिंड असतेच.

वस्तू बोटापेक्षा जाड नसावी, कारण जाड भाग बाहेरून वाळतो आणि आत ओला राहून तडकतो. उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी. पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात हे मुलांना आधीच सांगावे. वाळलेल्या वस्तूवर गेरूचा पातळ हात द्यावा आणि तांदळाच्या पिठाचे पाणी करून काडीने ठिपके काढू द्यावेत.

मातीऐवजी मैदा आणि मिठाचा गोळा वापरण्याची सूचना हल्ली सर्वत्र दिसते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे पाणी घेऊन तो सहज होतो, हे खरे आहे. तथापि ज्या वस्तीत काही मुले शाळेच्या आहारावर अवलंबून असतात, तेथे पिठाशी खेळ मांडणे मला योग्य वाटत नाही, आणि भरपूर मिठाचा तो गोळा लहान मुलाने तोंडात घातला तर ते धोक्याचे असते. माती मिळत असताना पिठाकडे वळू नये.

स्वयंपाकघरातले आणि अंगणातले रंग

विकतच्या रंगांआधी मुलांना रंग तयार करू द्यावा. अर्धा चमचा हळद चार चमचे पाण्यात कालवली की पिवळा मिळतो, बीट किसून पिळले की गडद गुलाबी, पालक ठेचून गाळला की हिरवा, कोळसा कुटून काळा आणि गेरू भिजवून तांबडा. यांत थोडी पातळ खळ मिसळली की रंग कागदाला धरतो. बीट आणि हळदीचे रंग काही दिवसांत, विशेषतः उजेडात, फिके पडतात, तर गेरू आणि कोळसा टिकतात. हे आधीच सांगून न टाकता चित्रे महिनाभर भिंतीवर ठेवावीत आणि मुलांनाच पाहू द्यावे.

हळदीच्या रंगात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की तो तांबूस होतो आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. जास्वंदीची लाल फुले कोमट पाण्यात कुस्करून ठेवल्यास त्या पाण्याला लिंबाने गुलाबी-लाल आणि सोड्याने हिरवट छटा येते. हळदीसाठी पूर्वापार चुना वापरतात, परंतु वर्गात चुना आणू नये, कारण तो डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. रंगपंचमीचे उरलेले रंग आणि भिंतीचे तेलरंगही वर्गाबाहेरच ठेवावेत.

ब्रश जाड दांड्याचा असावा. बारीक ब्रश चार वर्षांच्या मुठीत नीट धरता येत नाही. दांड्याभोवती चिंधी गुंडाळून त्यावर दोरा बांधला तर पकड सोपी होते, आणि ज्या मुलाच्या बोटांत बळ कमी आहे त्यालाही रंगवता येते. ब्रश नसल्यास बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी एका टोकाला ठेचून घ्यावी. रंगवण्याचा कागद मोठा असावा. वहीच्या पानावर मूल केवळ बोटे हलवते, तर वर्तमानपत्राचे पूर्ण पान जमिनीवर पसरले की त्याचा खांद्यापासून हात फिरतो.

मेणाची गंमत सर्व वयांना आवडते. पांढऱ्या कागदावर मेणबत्तीच्या तुकड्याने चित्र काढावे आणि वरून पातळ रंगाचा हात फिरवावा. मेणावर पाणी धरत नसल्याने न दिसणारे चित्र उमटून येते. पानाचा ठसा घेतानाही असाच आनंद मिळतो. पिंपळाचे किंवा पेरूचे पान शिरांची बाजू वर करून पातळ कागदाखाली ठेवावे आणि मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने घासावा. मुले प्रथम खडू टोकाने घासतात आणि कागद फाटतो. खडूवरचा वेष्टनाचा कागद आधी काढून ठेवल्यास त्यांना तो आडवा धरणे सुचते.

ठसेकाम

ठशासाठी भेंडी, कांदा, कारले, बटाटा यांचा उपयोग सर्वांना माहीत आहे. येथे दोनच गोष्टी सांगते. भाजीसाठी निरुपयोगी झालेली जून भेंडी आणि कोंब आलेले बटाटे मंडईत विचारल्यास मिळतात, त्यामुळे चांगली भाजी वाया जात नाही. तसेच कापलेला भाग फडक्याने कोरडा करूनच रंगावर टेकवावा. ओल्या कापावरून रंग ओघळतो आणि फुलाची पाकळी न पाकळी दिसण्याऐवजी नुसता डाग पडतो. रंगासाठी ताटलीत सुती कापडाच्या चार घड्या ठेवून त्यावर दाटसर रंग ओतावा. कापण्याचे काम शिक्षिकेने करावे, पण कोणती वस्तू आडवी कापायची आणि कोणती उभी, हे मुलांना ठरवू द्यावे आणि कापण्याआधी आत काय दिसेल ते विचारावे. कारले आडवे कापल्यावर जो काठ दिसतो तो पाहून वर्ग हमखास गलका करतो.

कागद, कात्री आणि खळ

कात्रीची घाई करू नये. आधी कागद फाडणे येते, आणि तेही सोपे नसते: दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी जवळ आणून एक हात पुढे व एक मागे न्यावा लागतो. वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वाकडातिकडा, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. फाडलेल्या तुकड्यांचे चिकटचित्र करण्यात काही आठवडे गेल्यावर बोथट टोकाची कात्री द्यावी. तिचीही पायरी आहे. प्रथम बोटभर रुंद पट्टीचे एका कापात तुकडे करावेत, मग जाड सरळ रेघेवर कापावे, त्यानंतर वळणावर. वळण कापताना कात्री न फिरवता कागद फिरवायचा असतो, हे मात्र हात धरून दाखवावे लागते. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची कात्री दिली की पाते त्याच्या रेघेवर येते आणि कापणे जमत नाही. त्याचा दोष हाताचा नसून कात्रीचा असतो, म्हणून डाव्या हाताची एखादी कात्री वर्गात अवश्य असावी.

कागद विकत घेण्यापूर्वी घरांतून लग्नपत्रिका, मिठाईचे पुठ्ठे, जुनी दिनदर्शिका आणि कापडाच्या चिंध्या गोळा कराव्यात. घोटीव कागद आणि पतंगी कागद हे दोनच कागद मी दुकानातून आणते. पतंगी कागद खळीने पांढऱ्या कागदावर चिकटवला की दोन रंग एकावर एक येऊन तिसरा दिसतो, आणि निळा व पिवळा मिळून हिरवा होतो हे पाठ करून घ्यावे लागत नाही.

खळीसाठी अर्धी वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न होता कालवावा, त्यात दोन वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावा. चिमूटभर तुरटी घातल्यास खळ दोन-तीन दिवस टिकते. पूर्वी पुस्तके बांधणारे किडीपासून संरक्षण व्हावे म्हणून खळीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खळीत तो कधीही नसावा. याच कारणाने चिकटकामाच्या बियांमध्ये गुंजा आणि एरंडाच्या बिया येऊ देऊ नयेत. गुंजेचा लाल-काळा रंग मुलांना फार मोह घालतो आणि पालक कौतुकाने त्या पाठवतातही, परंतु या दोन्ही बिया चावल्या गेल्यास प्राणघातक ठरू शकतात. चिंचोके, सीताफळाच्या बिया, भोपळ्याच्या बिया घेता येतात. तरी सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना घातक असल्याने त्या फोडू देऊ नयेत, आणि तीन वर्षांच्या मुलांना नाका-कानात जाईल अशी कोणतीही बारीक वस्तू देऊच नये.

वारली चित्रांविषयी

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी वारली चित्रांची नक्कल करून घेण्याची पद्धत पडली आहे, म्हणून थोडे लिहिते. वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. तो एका समाजाच्या श्रद्धेचा भाग आहे, सजावटीची किनार नव्हे. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर पोहोचवली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, हे मुलांना गोष्टीरूपाने सांगावे आणि त्यांची चित्रे दाखवावीत. त्यानंतर चौक उतरवून घेण्याऐवजी गेरूने सारवलेला पुठ्ठा, तांदळाच्या पिठाचे पाणी आणि बांबूची काडी देऊन मुलांना आपल्या रोजच्या जगण्यातले काही काढायला सांगावे: पाण्याची टाकी, बसथांबा, आजीची पत्त्यांची मैफल. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस होतो, आणि ते टोक हलवले की माणूस वाकतो, एवढे कळल्यावर पाच-सहा वर्षांची मुले थांबत नाहीत.

मुलांशी काय बोलावे

"हे काय काढलेस?" हा प्रश्न मी टाळते. तीन वर्षांच्या मुलाने बहुधा काही काढलेले नसते, त्याने हात फिरवलेला असतो. प्रश्न आला की ते घाईने "हत्ती" म्हणते आणि पुढच्या वेळी आपल्याला आवडेल ते उत्तर आधी शोधते. त्याऐवजी जे दिसते ते बोलावे: "तू गोल गोल फिरवत इथपर्यंत आलास", "ही रेघ खूप जोरात काढलीस". पाच वर्षांच्या मुलाला "याच्याविषयी सांगशील का?" असे विचारावे आणि ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, अहिराणी, मालवणी किंवा वारली बोलीत असले तरी तसेच, कागदाच्या खाली लिहून तारीख टाकावी.

या वयात घराची भिंत असूनही आतली चूल आणि झोपलेले बाळ दिसते, आईचा हात घरापेक्षा लांब असतो आणि बैलाचे चारही पाय एका ओळीत येतात. मूल डोळ्यांना दिसणारे काढत नाही, त्याला ठाऊक असलेले काढते. येथे पेन्सिल हाती घेऊन दुरुस्ती करण्याची इच्छा प्रत्येक शिक्षिकेला होते. मुलाच्या कागदावर आपली एकही रेघ उमटू देऊ नये. बैलाविषयी सांगायचेच असेल तर बैल दाखवायला न्यावे.

मातीला हात लावायला जे मूल तयार नसते, त्याच्यावर सक्ती करू नये. त्याला काडी किंवा जुना चमचा द्यावा आणि शेजारी बसू द्यावे. काही मुले दोन-तीन आठवडे नुसती पाहतात.

मांडणी आणि आवराआवर

वर्गात सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रे लावावीत, आणि ती सुतळी आपल्या नव्हे तर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी. निवडक पाच चांगली चित्रे न लावता सर्वांची लावावीत. जागा कमी असेल तर आळीपाळीने. प्रत्येक मुलासाठी वर्तमानपत्राची मोठी पिशवी करून त्यात तारखेसह काम साठवले की पालकसभेत वेगळे काही सांगावे लागत नाही, कारण जूनमधली गिरगोट आणि मार्चमधला डोळे-बोटे असलेला माणूस एकाच पिशवीतून बाहेर येतात.

आवरण्याचे काम शिपाईमावशींवर सोडू नये. ब्रश पाण्यात उभे न ठेवता धुऊन आडवे वाळत घालणे, खळीची वाटी घासणे, कात्र्या मोजून डब्यात ठेवणे ही कामे पाच-सहा वर्षांची मुले आवडीने करतात, त्यासाठी शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत. ज्यांना आपली मातीची वस्तू ठेवायची आहे त्यांनी ती सावलीतल्या फळीवर नावाच्या चिठ्ठीसह ठेवावी. ज्यांना नको असेल त्यांनी ती मोडून गोळा करावा, बादलीत टाकावा, वर पाण्याचा एक शिपका मारावा आणि ओले फडके घालून झाकण लावावे.